‘वय झालं’ हे काही निदान नव्हे

मराठी घरांत दोन शब्दांनी जेवढी दुखणी झाकली जातात, तेवढी दुसऱ्या कशाने झाकली जात नसतील. ‘वय झालं’ हे ते दोन शब्द. गुडघे धरले, वय झालं. ऐकू कमी येऊ लागलं, वय झालं. हात थरथरतो, पाऊल उचलत नाही, आवाज खोल गेला, चेहऱ्यावर हसू उमटत नाही, तरीही तेच. या शब्दांत एक समजूतदारपणा आहे हे खरे. म्हातारपण कुणाला चुकले आहे? पण त्यात एक सोयही दडलेली आहे. वयावर औषध नसते. त्यामुळे वय झाले म्हटले, की डॉक्टर शोधायला नको, एस.टी. गाठायला नको, कुणाकडे हात पसरायला नको. जव्हार-मोखाड्यासारख्या मुलखात, जिथे नाशिक ८० किलोमीटरवर आणि मुंबई दीडशेच्या घरात, तिथे ही सोय फारच मोहाची ठरते.

हे लिहितो आहे ते माझ्या वडिलांच्या निमित्ताने. अण्णांनी उभी हयात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत घालवली. त्यातली बरीच वर्षे मोखाडा तालुक्यातल्या पाड्यांवर. आता ते आणि आई जव्हारला असतात, मी नोकरीपायी ठाण्यात. अण्णांना पार्किन्सनचा आजार आहे. आयुर्वेदाने ज्याला कंपवात म्हटले तोच हा, असे साधारणपणे मानले जाते. १८१७ साली जेम्स पार्किन्सन नावाच्या लंडनमधल्या डॉक्टरने ‘थरथरत्या लकव्या’वर एक छोटे पुस्तक लिहिले आणि पुढे आजाराला त्याचे नाव चिकटले.

नाव कंपवात असले तरी कंप हवाच असे नाही, ही गोष्ट आधी सांगायला हवी. अनेक रुग्णांत सुरुवातीला थरथर नसतेच. मेंदूच्या तळाशी काळपट पेशींचा एक छोटा पुंजका असतो. त्या पेशी डोपामिन नावाचे द्रव्य तयार करतात आणि आपल्या हालचालींना वंगण घालतात म्हणा ना! या पेशी हळूहळू मरत जातात, आणि बऱ्याच मेल्यावर मग बाहेर काही दिसू लागते. हालचाली मंदावतात, अंग ताठरते, चालताना एक हात हलायचा थांबतो, पावले लहान पडतात, अक्षर बारीक होत जाते. त्याच्याही आधी कित्येकांचा वास गेलेला असतो, पोट साफ होईनासे झालेले असते, झोपेत हातपाय झाडणे, ओरडणे सुरू झालेले असते. यातली एकेक गोष्ट सुटी पाहिली तर किरकोळ. एकत्र पाहायला कुणी बसले तरच चित्र दिसते.

अण्णांचे अक्षर हा आमच्या घरातला अभिमानाचा विषय. ते ओळीच्या सुरुवातीला टपोरे आणि शेवटी मुंगीएवढे होऊ लागले. उजवा खांदा आखडला. त्यावर मते भरपूर मिळाली. कुणी वाताचा त्रास म्हणाले, कुणी वाऱ्याचा. कुणी मानेचा पट्टा सुचवला, कुणी भगताचे नाव सांगितले. खांद्याला शेक आणि मालिश यांत महिने गेले. अखेर मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयातल्या मेंदूविकारतज्ज्ञाने निदान केले, आणि तिथे मला जे दिसले त्यातूनच या लेखाचा मुख्य मुद्दा निघतो. त्या डॉक्टरांनी कुठलेही यंत्र हाती घेतले नाही. अंगठ्यावर तर्जनी आपटायला सांगितली, मनगट हलवून ताठरपणा पाहिला, खोलीत चालायला लावले, वळायला लावले, मागे उभे राहून खांद्याला हलका हिसका देऊन तोल पाहिला. कोणती औषधे चालू आहेत हेही बारकाईने विचारले. कारण मानसिक आजारावरची काही औषधे, ओकारीवरची काही, चक्करीवरची काही अशीच लक्षणे निर्माण करतात, आणि ती बंद केली की लक्षणे ओसरू शकतात. पार्किन्सन आहे हे ठामपणे सांगेल अशी रक्ताची साधी तपासणी आजही दवाखान्यात मिळत नाही. एम.आर.आय. काढतात तो मुख्यतः दुसरे काही नाही ना, हे पाहण्यासाठी. जाणत्या माणसाचे डोळे आणि हात हेच इथे मुख्य साधन.

मग प्रश्न असा, की जे निदान यंत्राशिवाय होते, त्यासाठी सत्तरी ओलांडलेल्या माणसाने घाट उतरून दीडशे किलोमीटर का जावे? यंत्र जव्हारला आणणे अवघड, हे मी समजू शकतो. डोळे आणि दोन हात आणणे अवघड का असावे?

औषधाचेही तसेच. या आजारावरचे मुख्य औषध लेव्होडोपा. त्याची कहाणी आपल्या मातीशी जोडलेली आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. खाजकुइली आपल्या रानात उगवते. तिच्या शेंगेची लव अंगाला लागली की काय होते हे जव्हारच्या पोरांना सांगावे लागत नाही. तिच्या बियांतून हे द्रव्य १९३७ साली मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी या संशोधकांनी वेगळे काढले. १९५७ साली स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी सशांवर प्रयोग केला. आपल्याच सर्पगंधेतून निघणाऱ्या रिसर्पिनने ससे निपचित पडले आणि लेव्होडोपा देताच ते पुन्हा हिंडू लागले. डोपामिनचे महत्त्व त्यातून कळले आणि त्या कामासाठी कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळाले. १९६१ साली व्हिएन्नात ते रुग्णांना टोचून पाहिले गेले, १९६७ साली अमेरिकेत कोत्झियास यांनी ते तोंडावाटे, मात्रा हळूहळू वाढवत देण्याची रीत बसवली. पुढे त्याला कार्बिडोपाची जोड मिळाली, त्यामुळे मळमळ कमी झाली आणि कमी मात्रेत काम भागू लागले. आज ही जोडगोळी भारताच्या आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. आजार बरा होत नाही, पेशींची पडझडही थांबत नाही. पण माणूस उठतो, चालतो, स्वतःच्या हाताने जेवतो. आमच्या घरचा हिशेब असा, की महिन्याच्या गोळ्यांपेक्षा गाडी करून मुंबईला केलेली एक फेरी महाग पडते.

खाजकुइलीचे नाव काढले म्हणून एक सावधगिरी. बियांतले औषधाचे प्रमाण सारखे नसते. गोळ्या चालू असताना कुणी प्रेमाने दिलेले चूर्णही चालू केले, तर मात्रा दुप्पट होऊन अंग वेडेवाकडे हलू लागेल, रक्तदाब उतरेल. घ्यायचे असेल तर डॉक्टरांना सांगून घ्यावे. लपवून तर मुळीच नाही.

गोळी सुरू झाली की घरात घड्याळाचे राज्य सुरू होते. सुरुवातीची काही वर्षे औषध दिवसभर पुरते. पुढे त्याची मुदत आखडत जाते; गोळी चढते तेव्हा माणूस चालता होतो, उतरते तेव्हा खुर्चीत दगड होऊन बसतो. आठची गोळी साडेनवाला दिली तर तो सबंध दिवस बिघडतो. शिवाय प्रथिनांशी या औषधाचे जमत नाही. दोघांची आतड्यातली वाट एकच. म्हणून गोळी जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी. नागलीच्या भाकरीबरोबर उडदाची आमटी नि सुके बोंबील हे अण्णांचे आवडते जेवण; ते बंद करण्याची गरज पडली नाही, फक्त गोळीपासून दूर सरकवले. आणि एक पक्के लक्षात ठेवायचे: हे औषध एकाएकी बंद करायचे नसते, त्यात जिवाला धोका आहे. जव्हारचा पाऊस ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचा अर्थ कळेल. तोरंगण घाटात दरड आली, एस.टी. दोन दिवस आली नाही, दुकानात गोळी संपली, ही कारणे मेंदूला समजत नाहीत. त्यामुळे जून लागण्याआधी महिन्याचा साठा जास्तीचा घरात ठेवणे हे आमच्याकडे लाकूडफाटा भरण्याइतकेच नित्याचे झाले आहे.

आता शहरातल्या आप्तांचा नेहमीचा सल्ला: ‘त्यांना इकडेच घेऊन या, इथे सगळ्या सोयी आहेत.’ हा सल्ला आपुलकीचाच आहे आणि काही घरांत तो बरोबरही असेल. जिथे पाड्यावर म्हातारा एकटा उरला आहे, मुले-सुना दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेली आहेत ती पावसाच्या तोंडावरच परतणार, तिथे त्याला जवळ नेण्यावाचून इलाज नसतो. पण आमच्यापुरते बोलायचे तर अण्णांना मी विचारले. ते म्हणाले, “तुझ्याकडे मी पाहुणा होईन. इथं मला अंधारातसुद्धा दाराची कडी सापडते.” या वाक्यात हट्ट आहे, पण शहाणपणही आहे. या आजारात नव्या जागेत वळणे, अरुंद दारातून जाणे, गर्दीत थांबणे हीच संकटे असतात. ओळखीचा उंबरा आणि हाक मारणारा शेजार यांची किंमत औषधाइतकीच आहे. तज्ज्ञ वर्षातून तीन-चारदा लागतो. बाकीचे सगळे दिवस लागतात ते वेळेवर गोळी देणारे हात, व्यायाम करून घेणारा माणूस, न्हाणीघरातली पकडायची दांडी आणि दोन शब्द बोलायला येणारे कुणीतरी. यातले काहीही ठाण्याच्या मक्तेदारीचे नाही. म्हणून म्हातारा उचलून सोयींकडे नेण्यापेक्षा, ज्या सोयी नेता येतात त्या त्याच्याकडे नेणे हाच रास्त मार्ग, असे माझे मत बनले आहे.

आणि सोय म्हणजे दर वेळी पैसाच असतो असेही नाही. मूळच्या पुण्याच्या मिलेहा सोनेजी या डिझायनरने २०१५ साली एका व्याख्यानात सांगितलेली गोष्ट जगभर पोचली. तिच्या काकांना हा आजार. सपाट जमिनीवर त्यांचे पाऊल अडखळे, पण जिना मात्र ते सरळ उतरत. मग तिने जमिनीवरच पायऱ्यांचा भास होईल असे चित्र अंथरले, आणि काका त्यावरून चालू लागले! कारण असे, की आपोआप चालण्याची मेंदूतली वाट बिघडली तरी डोळ्यांनी पाहून किंवा कानांनी ऐकून पाऊल टाकण्याची वाट पुष्कळदा शाबूत असते. आम्ही पडवीत पांढऱ्या रंगाचे आडवे पट्टे मारले. पाऊल खिळले की आई ‘एक-दोन, एक-दोन’ म्हणते, शाळेतल्या कवायतीसारखे, आणि अण्णांचे पाऊल सुटते. २००१ पासून न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये अशा रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग चालतात. पुण्यात हृषीकेश पवार यांनी असे वर्ग चालवले आहेत. मला नेहमी वाटते, ज्या मुलखात तारप्याच्या सुरावर माणसे हातात हात गुंफून तासन् तास गोल फिरतात, तिथे तालाचे औषध बाहेरून कशाला आणायचे? ते दारातच आहे, फक्त त्याला कुणी तसे ओळखलेले नाही.

नेदरलँड्समध्ये २००४ साली बास ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट केली. प्रत्येक भागातले निवडक फिजिओथेरपिस्ट या एका आजारासाठी चांगले तयार केले आणि रुग्ण त्यांच्याकडेच जातील अशी व्यवस्था लावली. मांडीचे हाड मोडण्याचे प्रकार कमी झाले आणि खर्चही वाचला, असे तिथल्या पाहणीत आढळले. पडणे हा या आजारातला मोठा शत्रू. त्यामुळे मेंदूत तारा बसवण्याच्या, लाखांच्या खर्चाच्या आणि निवडक रुग्णांनाच लागू पडणाऱ्या शस्त्रक्रियेची चर्चा करण्याआधी, तालुक्याला एक शिकलेला फिजिओथेरपिस्ट हा विषय घ्यायला हवा.

आईविषयी दोन शब्द लिहिले नाहीत तर हा लेख लबाडीचा होईल. आपल्याकडे ‘मुलाने वडिलांचे केले’ असे म्हणतात, तेव्हा करणारी बहुधा बायको किंवा सून असते. रात्री कूस बदलून देणे, सदऱ्याची बटणे लावणे, घास घशात अडकू नये म्हणून समोर बसून राहणे, हे सारे पासष्टीच्या आईने केले आहे. या आजारात चेहरा मुखवट्यासारखा होतो. ज्याच्यासाठी रात्रंदिवस राबायचे त्याच्या तोंडावर समाधानाची रेघही दिसू नये, याचा शीण औषधाच्या यादीत लिहिलेला नसतो. अण्णा रागावलेले नाहीत, त्यांच्या स्नायूंना हसू दाखवता येत नाही, हे आम्हाला एका तज्ज्ञाने समजावले त्या दिवशी आई बरीच मोकळी झाली. उदासी हाही या आजाराचाच भाग आहे आणि तिच्यावर उपचार आहेत, हेही कुणी सांगितले तरच कळते. पुण्याचे पार्किन्सन्स मित्रमंडळ किंवा २००१ साली मुंबईत स्थापन झालेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी हेच काम करतात: रुग्णांना आणि त्यांचे करणाऱ्यांना एकत्र बसवतात. जव्हारला बाजाराच्या दिवशी, एखाद्या शाळेच्या वर्गात, अशी चार घरे महिन्यातून एकदा बसू शकली तर त्याला कुठल्या अनुदानाची वाट पाहावी लागणार नाही. तेवढे काम आम्ही काही जणांनी अंगावर घ्यायचे ठरवले आहे.

काही हक्क आहेत, तेही मागून घ्यावेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात पार्किन्सनचे नाव स्पष्ट घातलेले आहे. तपासणीत ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व ठरले, तर प्रमाणपत्रावर सवलती मिळतात. २०२२ च्या ऑगस्टपासून पंच्याहत्तरी पार केलेल्यांना एस.टी.चा प्रवास मोफत आहे. मात्र शासनाच्या आरोग्य विमा योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होणाऱ्यासाठी आहेत. ज्याला दाखल व्हायचेच नाही, फक्त दर महिन्याला गोळ्या हव्यात, त्याचा खर्च त्यांच्या चौकटीत बसत नाही. पार्किन्सनचा रुग्ण नेमका असा असतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. २०१४ च्या १ ऑगस्टला पालघर हा वेगळा जिल्हा झाला, तरीही २०२२ मध्ये मोखाड्याच्या एका पाड्यावरून बाळंतिणीला झोळीतून न्यावे लागले आणि तिची जुळी वाचली नाहीत. जिथे मुले मरतात, रस्ता नाही, तिथे म्हाताऱ्यांच्या कंपाचे काय घेऊन बसलात? माझे उत्तर असे, की मूल आणि म्हातारा यांना एकमेकांसमोर उभे करण्याची गरज नाही. जो रस्ता बाळंतिणीला हवा तोच अण्णांसारख्यांना हवा. जी आशाताई बाळाचे वजन करायला घरात येते, तिलाच कोपऱ्यात बसलेला म्हातारा दिसतो. तिच्या छापील तक्त्यात साठीपुढच्यांसाठी उभे राहताना-चालताना तोल जातो का, रोजच्या कामाला दुसऱ्याची मदत लागते का, असे प्रश्नही आहेत. उणीव आहे ती ‘हो’ या उत्तरानंतर पुढे पाठवायच्या जागेची.

ती जागा निर्माण करायला फार काही लागणार नाही. मुंबई किंवा नाशिकहून मेंदूविकारतज्ज्ञाने तीन महिन्यांतून एक दिवस जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयात बसावे. मधल्या काळात ई-संजीवनीवरून मात्रा कमी-जास्त करून द्यावी. लेव्होडोपा-कार्बिडोपाच्या गोळ्या जव्हारला आणि मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात बारमाही असाव्यात, पावसाळ्यापूर्वी दोन महिन्यांच्या एकदम मिळाव्यात. एका फिजिओथेरपिस्टला या कामाचे शिक्षण मिळावे. आशाताईंना चार खुणा शिकवाव्यात: बारीक झालेले अक्षर किंवा मंदावलेले हात, चालताना न हलणारा हात, खोल गेलेला आवाज, न बदलणारा चेहरा. पाड्यावरच्या ज्या आजोबाने कधी पाटी धरली नाही त्याचे अक्षर पाहता येणार नाही, पण तो भाताच्या पेंढ्या पूर्वीइतक्या चपळाईने बांधतो का, आजीचे हात भाकरी थापताना मंदावले आहेत का, हे घरातल्या कुणालाही सांगता येईल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ साली जगात ८५ लाखांहून अधिक लोकांना हा आजार होता. माणसे जास्त जगू लागली आहेत, तेव्हा हा आकडा वाढणार, आणि तो जव्हार-मोखाड्यालाही वगळणार नाही. डोंगरातल्या माणसाला हा आजार होत नाही असे नाही. तो झाल्याचे कुणी लिहून ठेवत नाही, एवढेच. या रविवारी घरातल्या वडीलधाऱ्यांना चार पावले चालायला सांगा आणि त्यांच्या हातांकडे पाहा. काही वेगळे दिसले तर ‘वय झालं’ म्हणण्याआधी एकदा डॉक्टरांना दाखवा. वयच झाले असेल तर ते डॉक्टर सांगतील.